गिळायचा दोरा

आमचा भार्गव ताटावरून सगळ्यांच्या शेवटी उठतो.
एका घासाला अर्धा तांब्या पाणी.
चपातीचा तुकडा छातीत अडकला
की उभा राहतो, मान वर, नजर पत्र्याकडे,
आणि आम्ही हातातला घास हातात धरून थांबतो,
लाईट गेल्यावर कारखान्यात थांबतात तसे.

नागमणी म्हणायची, लाडावलाय.
आई म्हणायची, दृष्ट लागली.
मी म्हणालो, मुकाट गीळ.
दहा वर्षांच्या पोराला
हे मीच म्हणालो.

मग दुर्बीण.
सहीसाठी पुढे आलेला कागद, भुलेचं इंजेक्शन,
आणि हिरव्या चादरीबाहेर त्याची गार पावलं.
(चादर सोलापुरी नव्हती. तेव्हाही माझं लक्ष तिकडे गेलं.)
आतून तिळाएवढे सहा तुकडे काढले म्हणे.
शुद्धीवर आल्यावर तो पहिलं बोलला ते,
"किती झाले?"
पैसे.

अन्ननलिकेला जुनी सूज आहे.
बिराजदार डॉक्टरबाईंनी समजावलं:
या पेशी लाल रंग पटकन धरतात,
त्यावरूनच त्यांचं नाव पडलंय.
एवढं मला लगेच कळलं.
दोन वर्षं रंगाईत काढलीत मी,
कुठलं सूत कुठला रंग पितं आणि सोडत नाही
ते हात सांगतात.

दूध बंद केलं, पुन्हा दुर्बीण.
गहू बंद केला, पुन्हा दुर्बीण.
ज्वारी चालते म्हणाल्या, तेवढं एक आपल्या गावाचं पुण्य.
दर वेळी भूल, दर वेळी सही.
माझी सही आता चांगली येते.

परवा बाईंनी एक गोळी दाखवली.
पोटात गुंडाळलेला दोरा, कांडीत असतो तसा.
टोक गालाला चिकटवायचं,
गोळी पाण्याबरोबर गिळायची,
एक तास बसायचं, मग हळू ओढून घ्यायचा.
नळीच्या भिंतीला जे लागलंय ते दोऱ्याला लागतं.
मी विचारलं, दुर्बिणीएवढं कळेल?
"नाही," त्या म्हणाल्या. "सूज किती ते कळेल.
नळी कुठे आवळलीय, ते दोरा बघू शकत नाही."
हे ऐकून मला बरं वाटलं.
मालाची खोट आधी सांगणारे व्यापारी थोडे.

"किती नंबरचं सूत?" मी विचारलं.
बाई हसल्या. त्यांना ठाऊक नव्हतं.
चिमटीत धरून पाहिलं. नायलॉन असावं, पीळ बरा होता.

तो तास.
भिंतीवरचं घड्याळ दोन मिनिटं मागे.
भार्गवच्या गालावर पट्टी, ओठातून पांढरी रेघ,
जणू कुणी त्याला बीमवर भरायला घेतलाय.
तो मोबाईलवर क्रिकेट खेळत होता.
विड्या वळायला पानं नव्हती, तरी नागमणीची बोटं
मांडीवर दोरा गुंडाळत होती. नसलेला.

ओढताना एकदा उबळ आली, डोळे भरले. झालं.
वरचा भाग पांढरा,
मधला ढगाळ, बुळबुळीत,
खालचं टोक पिवळं: पोटाच्या पुढं पोचल्याची खूण.
बाईंनी मधला तुकडा कात्रीनं कापून
नळकांड्यात घातला, वर नाव लिहिलं.
तीस वर्षं मी कापलेला दोरा
लूमखालच्या टोपलीत टाकत आलोय.

रिपोर्ट यायचाय.
रिक्षात त्यानं विचारलं,
"पप्पा, आतून कसा आहे हो मी?"
"ओला," म्हणालो. दुसरं काही सुचलं नाही.
तो खूप हसला. अशोक चौकापर्यंत हसत होता.

रात्रपाळीत चार नंबरच्या मागावर तंतू तुटला.
सांधायला बोट जिभेला लावलं, सवयीनं,
आणि तसंच राहिलं तिथं.
मुकादम ओरडला,
"अंबादास, झोपला का?"